आधी सेटिंग तपासा, मग मुलाची बुद्धी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरात पाऊस आणि कॉलेजचे प्रवेश बरोबरच सुरू होतात. बीसीए असो, बीएस्सी कॉम्प्युटर असो, डिप्लोमा असो की इंजिनिअरिंग, पहिल्या महिनाभरात एक वाक्य हमखास कानावर येते : ‘मला प्रोग्रामिंग जमणार नाही.’ असे म्हणणाऱ्या मुलाने बहुतेक वेळा प्रोग्रामिंग अजून केलेलेच नसते. त्याच्या लॅपटॉपवर पायथन ही प्रोग्रामिंग भाषा सुरू झालेली नसते, सी या भाषेचा कंपायलर (लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) सापडत नसतो किंवा फाइलचे नाव भलतेच पडलेले असते. उद्यमनगरात लेथवरचा पहिला जॉब मापात निघाला नाही, तर जुना कारागीर आधी सेटिंग बघतो. टूल सेंटरला आहे का, चकमध्ये जॉब नीट धरलाय का, हे तपासतो. पोराची अक्कल काढत नाही. संगणकाच्या प्रयोगशाळेत मात्र सेटिंगचा दोष मुलाच्या खात्यावर मांडला जातो आणि मुलगाही तो मुकाट मान्य करतो. गडहिंग्लज, गारगोटी, चंदगडकडून आलेली, घरात पहिल्यांदाच लॅपटॉप बघणारी मुले तर फारच लवकर मान्य करतात. म्हणून या अडचणी नेमक्या काय असतात आणि कशा सुटतात, ते जरा विस्ताराने लिहीत आहोत.

सर्वांत जास्त मुले अडतात ती पायथन बसवताना. विंडोजवरच्या नेहमीच्या इन्स्टॉलरच्या पहिल्याच खिडकीत तळाशी दोन चौकोन असतात. त्यातला खालचा, ‘ॲड पायथन टू पाथ’ हा, मुळात रिकामा असतो. त्यात टिक न करता ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबले की पायथन बसते, पण कमांड प्रॉम्प्टवर (विंडोजला लिहून आज्ञा देण्याच्या खिडकीत) ‘पायथन’ लिहिल्यावर अशी कमांडच नाही असे उत्तर येते. कारण साधे आहे. तुम्ही एखादे नाव लिहिता तेव्हा विंडोज सगळी डिस्क धुंडाळत नाही. आपण ज्या फोल्डरमध्ये आहोत तो आणि ‘पाथ’ नावाच्या यादीतले फोल्डर, एवढ्यातच ती शोधते. पायथनचा पत्ता त्या यादीत नसेल तर ते सापडणार कसे? यासाठी सगळे काढून टाकून परत बसवण्याची गरज नाही. तोच इन्स्टॉलर पुन्हा चालवावा, ‘मॉडिफाय’ निवडावे, पुढच्या पानावर जावे आणि ‘ॲड पायथन टू एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स’वर टिक करावी. त्यानंतर कमांड प्रॉम्प्टची उघडी खिडकी बंद करून नवी उघडायची, कारण जुनी खिडकी जुनीच यादी धरून बसलेली असते. व्हीएस कोड (कोड लिहिण्याचा एडिटर) उघडे असेल तर तेही पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे. ही शेवटची पायरी न केल्यामुळे ‘सगळे केले तरी होत नाही’ म्हणणारे अनेक जण असतात.

काहींच्या संगणकावर ‘पायथन’ लिहिले की थेट मायक्रोसॉफ्ट स्टोअरचे पान उघडते. हा व्हायरस नव्हे. पायथन नसलेल्यांना स्टोअरकडे पाठवण्यासाठी विंडोजने त्या नावाचा एक आडवाटेचा दुवा ठेवलेला असतो. सेटिंग्ज, ॲप्स, ॲडव्हान्स्ड ॲप सेटिंग्ज, ॲप एक्झिक्युशन एलियासेस या क्रमाने जाऊन पायथनच्या नावासमोरची बटणे बंद करावीत. आणि नव्या लॅपटॉपवर कोणताच इन्स्टॉलर चालत नसेल, ‘फक्त स्टोअरमधलेच ॲप चालेल’ असा संदेश येत असेल, तर विंडोज ‘एस मोड’मध्ये आहे. त्यातून बाहेर पडायला पैसे लागत नाहीत, मात्र एकदा बाहेर पडल्यावर परत जाता येत नाही. शिकणाऱ्याला परत जाण्याची गरजही नाही.

पुढचा खड्डा पिपचा, म्हणजे पायथनच्या लायब्ररी (तयार कोडचे संच) बसवणाऱ्या साधनाचा. पिपने लायब्ररी बसवली, ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ आले, तरी प्रोग्राम म्हणतो की असे मॉड्यूल नाही. याचे नेहमीचे कारण म्हणजे संगणकावर दोन पायथन आहेत. एक स्टोअरमधून आलेले, एक स्वतः बसवलेले. पिपने एकात सामान ठेवले आणि प्रोग्राम दुसऱ्यात चालतो आहे. ‘पाय डॅश डॅश लिस्ट’ ही कमांड दिली की किती पायथन आहेत ते दिसते. नुसते ‘पिप इन्स्टॉल’ लिहिण्यापेक्षा ‘पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल’ लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. मग ज्या पायथनने प्रोग्राम चालवता त्यातच लायब्ररी जाते. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाबून ‘सिलेक्ट इंटरप्रिटर’ने तेच पायथन निवडावे. शिवाय लायब्ररीचे बसवायचे नाव आणि वापरायचे नाव दर वेळी एक नसते. प्रोग्राममध्ये ‘सीव्ही२’ लिहायचे, पण बसवताना ‘ओपनसीव्ही-पायथन’. वापरताना ‘एसकेलर्न’, बसवताना ‘सायकिट-लर्न’. नाव अंदाजाने टाकून बघू नये. मिळत्याजुळत्या नावाची घातक पॅकेजेस कुणी मुद्दाम टाकून ठेवल्याचे प्रकार घडलेले आहेत.

व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (एका प्रोजेक्टपुरता लायब्ररींचा वेगळा कप्पा) चालू करताना पॉवरशेल, म्हणजे विंडोजचीच कमांड देण्याची दुसरी खिडकी, ‘स्क्रिप्ट चालवण्यास बंदी आहे’ अशा अर्थाचा लाल मजकूर दाखवते. पॉवरशेलऐवजी साधे कमांड प्रॉम्प्ट वापरले की काम होते. सुरक्षा कायमची उघडी टाकण्याचा सल्ला कुठे वाचला तर तो मानू नये.

आता व्हीएस कोडविषयी. हा एडिटर आहे, म्हणजे लिहिण्याची वही. सी किंवा सी++चा कंपायलर त्याच्यासोबत येत नाही. सीची एक्स्टेन्शन टाकली तरी येत नाही. विंडोजवर जीसीसी हा मोफत कंपायलर वेगळा बसवावा लागतो. एमसिस-२ हा साधनांचा संच बसवून त्यातून जीसीसी घ्यावा आणि ज्या ‘बिन’ फोल्डरमध्ये जीसीसी आहे त्याचा पत्ता पाथमध्ये घालावा. ‘जीसीसी डॅश डॅश व्हर्जन’ लिहिल्यावर आवृत्तीचा आकडा आला की मगच व्हीएस कोड उघडावे. हा क्रम उलटा केला की अडचण एडिटरची की कंपायलरची, हेच कळत नाही. त्याच एडिटरमध्ये फाइलच्या नावाशेजारी फुलीऐवजी गोल ठिपका दिसत असेल तर बदल सेव्ह झालेले नाहीत. कोड दुरुस्त केला तरी जुनेच उत्तर येते याचे कारण बहुतेक वेळा हा ठिपकाच असतो. फाइल मेनूतला ‘ऑटो सेव्ह’ चालू करावा. आणि ‘पर्मिशन डिनाइड’ म्हणून लिंकर (प्रोग्रामची अंतिम फाइल जोडणारा भाग) अडला तर मागच्या वेळचा प्रोग्राम बहुधा अजून चालूच आहे, इनपुटची वाट बघत. तो बंद करा, नवा तयार होईल.

फाइलच्या नावांनी होणारा छळ वेगळाच. विंडोज फाइलचे शेपूट मुळात लपवून ठेवते. नोटपॅडमध्ये ‘बेरीज डॉट सी’ म्हणून सेव्ह केलेली फाइल खरे तर ‘बेरीज डॉट सी डॉट टीएक्सटी’ असते आणि कंपायलर म्हणतो फाइल नाही. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ दाखवायला सांगावे, हे नव्या लॅपटॉपवरचे पहिले काम. पायथनच्या मुलांनी आपल्या फाइलला ‘रँडम’, ‘टर्टल’, ‘मॅथ’ अशी नावे देऊ नयेत. टर्टल या चित्रे काढण्याच्या लायब्ररीचा सराव म्हणून फाइलचेच नाव ‘टर्टल डॉट पीवाय’ ठेवले की ‘इम्पोर्ट टर्टल’ म्हटल्यावर पायथन खऱ्या लायब्ररीऐवजी तुमचीच फाइल उचलते आणि ‘यात असे काही नाही’ म्हणते. जावामध्ये पब्लिक क्लासचे नाव आणि फाइलचे नाव अक्षर न् अक्षर एकच हवे, कॅपिटल-स्मॉलसकट. चालवताना ‘जावा’पुढे नुसते क्लासचे नाव द्यायचे, ‘डॉट क्लास’ जोडायचे नाही.

पायथनमध्ये फाइलचा पत्ता लिहिताना उलटी तिरकी रेघ घात करते. विंडोजचा पत्ता जसाच्या तसा चिकटवला की त्यातल्या ‘युझर्स’च्या यू-आधीची रेघ युनिकोड अक्षराची सुरुवात समजली जाते आणि प्रोग्राम सुरूच होत नाही. ‘डी’ ड्राइव्हवर ‘न्यू’ नावाचा फोल्डर असेल तर रेघ आणि एन मिळून नवी ओळच तयार होते. सरळ तिरकी रेघ वापरा, विंडोजला ती चालते. नाहीतर अवतरणाआधी लहान आर लावा.

नोट्सच्या पीडीएफमधून किंवा वर्डमधून कोड उचलणे हा आणखी एक रोग. वर्ड सरळ अवतरणचिन्हे वळणदार करते. माणसाला फरक दिसत नाही, कंपायलरला दिसतो. जीसीसीच्या जुन्या आवृत्त्या अशा वेळी ‘स्ट्रे ३४२ इन प्रोग्राम’ असे म्हणतात. हा आकडा म्हणजे त्या वळणदार चिन्हाच्या पहिल्या बाइटची अष्टमान किंमत. तो दिसला की लॉजिक तपासत बसू नका, त्या ओळीतली अवतरणचिन्हे पुसून हाताने टाइप करा. व्हॉट्सॲपवर कोड मजकूर म्हणून पाठवणे तर पूर्ण बंद व्हावे. ताराचिन्ह आणि अंडरस्कोअर या व्हॉट्सॲपच्या ठळक आणि तिरक्या अक्षरांच्या खुणा आहेत. विशिष्ट जागी आल्या की त्या कोडमधून अदृश्य होतात. फाइलच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

टर्बो सीविषयी आम्हाला स्पष्ट लिहायचे आहे. काही प्रयोगशाळांत अजून तो निळा पडदा दिसतो. बोरलंडचे हे साधन १९८७ सालचे, डॉस काळातले, सोळा बिटांचे. आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर ते सरळ चालतच नाही, म्हणून डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये कोंबून चालवावे लागते. मुलाचा पहिला आठवडा त्या ‘माउंट’ कमांडीत जातो. नुकसान तिथेच थांबत नाही. टर्बो सीमध्ये ‘इंट’ (पूर्णांक ठेवण्याचा प्रकार) दोन बाइटांचा, म्हणून जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. सातचे फॅक्टोरियल ५,०४० बरोबर येते, पण आठचे ४०,३२० यायच्या ऐवजी उणे २५,२१६ येते. मुलगा लूप तपासत बसतो आणि लूप अगदी बरोबर असते. आजच्या जीसीसीत इंट चार बाइटांचा, तिथे बाराचे फॅक्टोरियल बरोबर येते आणि तेराला गडबड होते. हे दोन्ही प्रयोग शेजारी शेजारी करून दाखवले तर डेटा टाइप म्हणजे काय हे एका तासात समजेल. मात्र रोजचे साधन म्हणून टर्बो सी नको. त्यात शिकलेले ‘क्लिअर स्क्रीन’ आणि ‘गेट सीएच’ प्रमाणित सीमध्ये नाहीत. ‘व्हॉइड मेन’ही प्रमाणित नाही, मेनने इंट परत करायला हवा. ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ तर १९९८च्या सी++ प्रमाणातच नाही, आजचा कंपायलर ती फाइलच नाही म्हणतो. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेतल्या कोल्हापूर, सांगली, सातारा या तिन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांनी आपापल्या प्रयोगपुस्तिका काढून बघाव्यात. हे शब्द सापडले तर पुस्तिका बदलण्याची वेळ झालेली आहे.

मराठी मजकुरावर काम करू पाहणाऱ्या मुलांची अडचण कुणी समजावूनच सांगत नाही, आणि आमच्या मते सगळ्यात गोडी लागण्यासारखा भाग हाच आहे. ‘कोल्हापूर’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा. पायथनला त्याची लांबी विचारा, ती नऊ सांगते, कारण काना, मात्रा, ऊकार आणि हलन्त ही तिथे वेगळी मोजली जातात. सीमध्ये यूटीएफ-८ (अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत) मजकुरावर ‘एसटीआरलेन’ हे लांबी मोजणारे फंक्शन चालवले तर २७ येतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. शब्द उलटा करण्याचा नेहमीचा प्रोग्राम ‘कोल्हापूर’वर चालवला की ‘रूपाह्लोक’ बाहेर पडते. मुलाचा प्रोग्राम इथे चुकलेला नाही, अक्षर म्हणजे काय याची आपली आणि यंत्राची व्याख्या वेगळी आहे. ‘दुसऱ्या’मधला र्‍य दोन प्रकारे टाइप होतो. दोन्ही दिसतात सारखेच, पण बरोबरीची तुलना केली की उत्तर ‘फॉल्स’. नावांची यादी जुळवताना हा फरक दिवसभर छळू शकतो.

मराठी फाइल विंडोजवर वाचताना ‘चारमॅप’ची चूक आली तर फाइल उघडतानाच एन्कोडिंग यूटीएफ-८ असल्याचे सांगावे. एक्सेलमधून सीएसव्ही काढताना साध्या सीएसव्हीऐवजी ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडावे, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात. अशी फाइल पायथनमध्ये वाचताना पहिल्या स्तंभाच्या नावाला अदृश्य खूण चिकटलेली येते. ‘यूटीएफ-८-सिग’ दिले की ती निघते. जुन्या दप्तरांतल्या श्रीलिपी, कृतिदेवसारख्या फॉन्टमधल्या फाइली मात्र युनिकोड नाहीत. त्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्या लागतात, त्याशिवाय आपल्या प्रोग्रामने काही होत नाही. आणखी एक : कीबोर्ड मराठीवर राहिला आणि कोडमध्ये ‘५’ पडला तर पायथन तो अंक मानत नाही, सिंटॅक्सची चूक देते. पण तोच ‘५’ वापरणाऱ्याने इनपुटमध्ये दिला आणि ‘इंट’ने बदलला तर बिनतक्रार पाच होतो. इनपुट बदलायला विसरलात तर पाच आणि सात मिळून सत्तावन्न होतात, हे मात्र कोणत्याही लिपीत.

चूक वाचायला कुणी शिकवत नाही, हे आमचे मुख्य दुखणे आहे. लाल अक्षरे दिसली की मूल खिडकी बंद करते. सीमध्ये चुकांची यादी वरून वाचायची. तीस चुका आल्या तर फक्त पहिली सुधारा आणि पुन्हा कंपाइल करा. खालच्या अनेक चुका पहिलीचीच पिलावळ असतात. पायथनमध्ये उलट, आधी शेवटची ओळ वाचायची, कारण काय बिघडले ते तिथे असते, आणि मग वर जात आपल्या फाइलचे नाव असलेली ओळ शोधायची. ओळीचा आकडा दाखवलेल्या जागी दोष नसेल तर एक ओळ वर बघा. राहिलेला अर्धविराम किंवा न मिटलेला कंस यंत्राच्या लक्षात पुढच्या ओळीवर येतो. ‘स्कॅनएफ’मध्ये ‘अँड’चे चिन्ह राहिले तर मात्र कंपायलर नुसती सूचना देतो किंवा गप्प बसतो आणि प्रोग्राम चालताना कोसळतो. म्हणून जीसीसीला नेहमी ‘डॅश वॉल’ जोडावे, मग तो अशा गोष्टी बोलून दाखवतो.

मदत मागण्याचीही एक रीत आहे. ‘सर, चालत नाही’ या तीन शब्दांवर कुणालाच काही सांगता येत नाही. पडद्याचा तिरका फोटो पाठवला तर कोड चालवून बघता येत नाही. विंडोजची आणि भाषेची आवृत्ती, दिलेली कमांड, अपेक्षित काय होते, आले काय आणि चुकीचा पूर्ण मजकूर, इतके लिहिले की बघणाऱ्याचे अर्धे काम होते. टर्मिनलमधला मजकूर माउसने निवडून कॉपी होतो, फोटो काढावा लागत नाही. दोनशे ओळींचा प्रोग्राम पाठवण्याआधी चूक येत राहील इतपतच भाग ठेवून बाकीचा काढत जा. असे कापताना बऱ्याच वेळा चूक आपली आपल्यालाच सापडते. एआयला विचारण्यालाही आमचा विरोध नाही, पण त्याला हीच सगळी माहिती द्या आणि आलेल्या उत्तरातली कमांड काय करते ते कळल्याशिवाय चालवू नका. ‘सुडो ॲप्ट’ने सुरू होणारी ओळ लिनक्सची आहे, ती विंडोजवर चिकटवून उपयोग नाही.

महाविद्यालयांकडे आमची मागणी खर्चाची नाही. पहिली दोन प्रॅक्टिकल फक्त साधने बसवण्यासाठी ठेवावीत, प्रत्येक मुलाच्या स्वतःच्या लॅपटॉपवर. पायथनचा इन्स्टॉलर जेमतेम तीस एमबीच्या घरातला, पण जीसीसीची सगळी साधने त्याच्या कितीतरी पट. गावाकडे मोबाइलच्या डेटावर ती उतरवताना नेट तुटते. विभागाने सगळे इन्स्टॉलर अधिकृत ठिकाणावरून उतरवून एका पेन ड्राइव्हवर ठेवावेत आणि दर सत्राच्या सुरुवातीला नवे करावेत. ज्याच्याकडे लॅपटॉप नाही त्याला गुगल कोलॅबवर ब्राउझरमधून पायथन चालवता येते, हे पहिल्याच दिवशी सांगावे. प्रयोगशाळेच्या भिंतीवर नेहमीच्या पंधरा-वीस चुका, त्यांचा अर्थ आणि उपाय मराठीतून छापून लावावेत. आणि जर्नलमध्ये प्रत्येक प्रयोगाखाली ‘कोणती चूक आली, कशी सुटली’ यासाठी चार ओळींची जागा ठेवून तिला गुण द्यावेत. सध्या जर्नलमध्ये फक्त बरोबर आलेले आउटपुट चिकटवतात, त्यामुळे शेजारच्या मुलालाही तीच चूक आली होती हे कुणाला कळतच नाही.

यंदाच्या प्रॅक्टिकल सुरू होण्याआधी विभागप्रमुखांनी एवढे केले तरी पुरे. मराठीतला चुकांचा तक्ता हवा असेल, तर आम्ही तो तयार करून द्यायला तयार आहोत.

कळावे,

प्रोग्रामिंग शिकवणारे काही शिक्षक,
राजारामपुरी, कोल्हापूर